टिप्पणीचा रकाना

कायानीच्या प्रयोगशाळेला खिडकी नाही.
आत वीस अंश, बाहेर उणे चोवीस.
हिल्क्का रेपो हातमोजे घालून
एक किलोचं वजन चिमट्याने उचलते.
हात भाजेल म्हणून नव्हे;
हाताची ऊब त्याला लागू नये म्हणून.

एकतीस वर्षं तिने दाखले लिहिले:
जाड कागद, निळी शाई, खाली उठावाचा शिक्का.
आता दाखला म्हणजे एक फाइल.
कंसात कंस, कंसात आकडे,
आणि शेवटी सही, चारशे अक्षरांची,
कुणाच्याच हस्ताक्षरात नसलेली.
एक स्वल्पविराम हलवा, सगळी फाइल खोटी ठरते.
"बरं आहे," हिल्क्का म्हणाली,
"माझी सही पोस्टमन पण करायचा."

वाचणाराही आता माणूस नाही.
रात्री अडीचला, कुओपिओच्या रक्तपेढीत,
कपाटातला तापमापक स्वतःचा दाखला उघडतो:
मी तीन शतांश अंश जास्त सांगतो.
आणि तेवढं वजा करून पुढे बोलू लागतो.
कुणाला उठवत नाही,
कुणावर ढकलत नाही.

तिने एकच विचारलं,
"कमी-अधिक कुठे लिहायचं?"
मी दाखवलं: अनिश्चितता.
सक्तीचा रकाना, रिकामा ठेवला तर
फाइल पुढे सरकतच नाही.
"लग्नाच्या अर्जात नव्हता हा,"
म्हणाली, आणि कॉफी ओतायला गेली.

समास मात्र नव्हता.
समासात ती लिहायची:
डावा पाय आखूड, खाली पुठ्ठा घातलाय, काढू नये.
शोधून शोधून मी एक जागा दिली.
टिप्पणी, ऐच्छिक;
यंत्र तिच्यावरून न बघता जातं.

शुक्रवारी ती बाजारात जाऊन आली
आणि दोन बोटांनी पाव तास टंकत बसली.
वाचायला नको होतं. तपासणी माझ्याकडेच होती.

"मासळीचा गाळा, तराजू जुना.
पेसोनेन मार्चमध्ये गेले, आता मुलगी बसते.
तिला कळावं: काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने
दोन ग्रॅम झुकतो. वडिलांच्या वेळेपासून.
मर्यादेत आहे.
मी हात लावलेला नाही."

मी सही जोडली.
आता यातलाही स्वल्पविराम
कुणाला हलवता येणार नाही.

पडद्यावर हिरवी ओळ आली:
फाइल वैध. त्रुटी आढळली नाही.