उभ्यानं

चर्चच्या मागच्या गल्लीत मेणवाल्याचं दुकान.
दोरीला टांगलेले हात, पाय, गुडघे,
डोळ्यांची जोडी, एक स्तन, एक काळीज,
बाळ तर तीन मापांत.
ज्याचं जे दुखतं ते विकत घ्यायचं
आणि संताच्या पायाशी ठेवून यायचं.

मी विचारलं, ओटीपोट आहे?
म्हणजे इथून (मी हात ठेवला)
ते मागं, माकडहाडाच्या जरा वर,
दोन्ही मिळून एकच.
अदेलिनोनं चष्मा कपाळावर ढकलला.
"त्याचा साचाच नाही, ग्रासिएत.
अख्खी बाई आहे. साडेअकरा युरो."
अख्खी बाई दुखत नव्हती.
मी साधी मेणबत्ती घेतली.

ओल्याँवच्या कारखान्यात मी सार्डिनची मुंडकी उडवते,
सव्वीस वर्षं, दिवसाचे आठ तास, उभ्यानं.
सकाळी काही नसतं.
अकराच्या भोंग्याला ते येतं,
पोटात कुणी ओलं जाळं टाकून गेल्यासारखं,
आणि दुपार कलते तसतसे
त्या जाळ्यात दगड भरत जातात.
घरी आले की मी फरशीवर पडते, पाय खुर्चीवर.
घटकाभरानं ते उतरतं,
खाडीचं पाणी उतरावं तसं, चिखल मागं ठेवून.

सासू म्हणाली, तीन पोरं काढलेल्या बाईची
कंबर असतेच तशी.
हाडांच्या डॉक्टरनं हाडं पाहिली. हाडं चांगली होती.
पुढच्यानं आतडी पाहिली.
बायकांच्या डॉक्टरनं मला टेबलावर आडवं केलं,
गार जेल, करडा पडदा,
"सगळं जागच्या जागी," म्हणाला,
आणि मी रडले म्हणून झोपेच्या गोळ्या लिहिल्या.
रडले म्हणून.
दुखतं म्हणून नाही.

झेफेरिनो रात्री जवळ यायचा,
नंतर मी तासभर भिंतीकडे तोंड करून ठणका मोजायची.
हळूहळू त्यानं विचारणं सोडलं,
मी सांगणं.
कळ माझी होती,
कळायला मात्र दुसरं कुणी लागत होतं.

मग फारोच्या इस्पितळात ती,
डॉक्टर बेनेदिता, माझ्या थोरलीच्या वयाची,
बुटाची नाडी सुटलेली.
तिनं विचारलं,
"आडवं झाल्यावर कमी होतं का?"
मी म्हटलं, हो.
मग ती जरा गप्प बसली.
"मग आपण आडवं करून काय बघतोय?
उभ्या राहा."

कमरेला कागदी चादर, पायात मोजे,
मी उभी, आणि डॉक्टर खाली बुटक्या स्टुलावर.
श्वास रोखा. खाली जोर द्या.
पडद्यावर, सुतळी असावी तिथं दोर निघाला,
गाठीगाठींचा, फुगलेला.
"ही शीर. वर जायचं रक्त इथं साचतंय.
तुम्ही झोपलात की ती रिकामी होते,
आणि रिकामी शीर बघून आम्ही सांगतो, सगळं ठीक."

नऊ वर्षं.
नऊ वर्षं माझं दुखणं माझ्यासोबत आडवं पडत होतं,
बघायला कुणी आलं की झोपेचं सोंग घेत होतं.

मला आनंद झाला. खरंच, आनंद.
राग बसमध्ये आला,
मिठागरांच्या वळणावर,
इतका, की शेजारची म्हातारी पिशवी घेऊन पुढच्या सीटवर गेली.

नाव लांब आहे, मला धड म्हणताही येत नाही.
तिनं कागदावर लिहून दिलं,
तो एप्रनच्या खिशात भिजला,
अक्षरं खारवली.
उपचाराची रांग सात महिन्यांची.
अकराचा भोंगा अजून वाजतो,
जाळं अजून पडतं.

आज बेन्विंदा माझ्या शेजारी होती.
कुणी बघत नाही असं वाटलं की ती
मुठीनं कंबर दाबते, झटकन, एकदाच.
पट्टा चालू होता.
मी मान वर न करता विचारलं,
घरी जाऊन पडलीस की कमी होतं का गं?

तिची सुरी थांबली.
चार मासे मुंडक्यांसकट पुढं गेले.