चाळीस मिनिटं

नवतपा. सक्करदऱ्यात दुपारी तीनला
पडदे ओढून मी दुसऱ्याची शिकार कापतोय.

रानडुक्कर, परवान्याचं. कागद खरा आहे,
पाहिला मी.
एक गोळी, थोडी धूळ, मग भैयासाहेबांचं हसू:
"जागच्या जागी!"

जानेवारीतल्या मूळ फुटेजमध्ये
ते पडत नाही.
मागचा पाय ओढत तुरीत शिरतं
आणि चाळीस मिनिटं कॅमेरा
नुसत्या आवाजामागे धावतो.

एका फ्रेमवर थांबलो, मोठी केली.
पायावर तारेचा जुना वळ.
म्हणजे आधी बांधलेलं, मग सोडलेलं.
भैयासाहेब म्हणाले, थोडं वरून क्रॉप मार.
मारलं.

रानातला वाराही हवा होता त्यांना.
कुलरच्या वाळ्याजवळ माइक धरला
दोन मिनिटं.
छान बसला.

रात्री फोन. माग काढणारा सुखराम मडावी:
"भाऊ, माह्यं नाव काढून टाका त्याच्यातून."
का, ते विचारलं नाही.
शेवटच्या पाटीवर
तेवढंच एक खरं होतं,
पुसलं.

कुलरमधलं पाणी केव्हाच संपलेलं.
मोटर कोरडी फिरत राहिली,
मी उठलो नाही.