पत्त्यांच्या चिठ्ठ्या

कुओपिओच्या छापखान्यामागे
मी मासिकावर पत्ते चिकटवायचे. एकतीस वर्षं.

पहिला अंक माझ्या जन्माआधीचा, चार पानी:
रस्त्यावर थुंकू नका. खिडकी उघडी ठेवून झोपा,
बर्फ पडत असला तरी.
क्षयाचे दिवस होते.
सभासदाची वर्गणी दोन मार्क,
नसतील तर बटाटे चालत.

मग मुखपृष्ठावर गुटगुटीत बाळं आली,
विणकामाचे नमुने, सायकलवरचं एक कुटुंब
ज्याला कधी घाम म्हणून आला नाही.
एका वर्षी लोणी वाईट ठरलं
आणि गोठेवाल्यांची पत्रं आली, पोतंभर.
संपादक आल्मा ती उभ्याउभ्या वाचायची,
पावाला लोणी लावत.

मला मजकूर कमी, नावंच जास्त पाठ.
ताइस्तो कार्हुनेन, पिएलावेसी:
आधी नुसता तो,
मग ‘आणि कुटुंब’,
मग पुन्हा नुसता तो.
दर वेळी नवी चिठ्ठी मीच टंकली.

शेवटच्या अंकात चालायच्या काठ्यांवर सवलत होती.
त्याचा अंक परत आला,
या पत्त्यावर कोणी नाही.
तो मी घरी आणला.

काल रात्री खिडकी उघडी ठेवून झोपले.
बाहेर उणे एकोणीस.