अजून थोडं

"खुर्चीच्या कडेला या," ब्रिन्या सांगते,
"मांसावर नको, बैठकीच्या हाडांवर बसा."
तिला कसं सांगू, माझ्याकडे हाडंच उरलीत.

मंगळवार, सकाळचे अकरा. फ्योर्डच्या काठाला
मासे खारवायच्या जुन्या शेडचा आता हॉल केलाय.
आठ म्हाताऱ्या, नऊ खुर्च्या,
आणि नव्या रंगाखालून अजून येणारा
हेरिंगचा वास.

इथंच वाकायचो आम्ही.
पिंपाच्या तळाशी पहिला थर लावताना
डोकं आत, पाय जवळजवळ अधांतरी.
अठराव्या वर्षी पाठ असते
हे कुणाला ठाऊक होतं?
पिंप भरलं की एक पितळी बिल्ला,
मुकादम तो बुटात टाकायचा,
पोटरीवरून गारेगार घसरत जायचा.

"श्वास सोडा, कंबर मागे जाऊ दे.
आता पुढे. कमी करा. अजून कमी.
दुखेल तिथवर नाही हो,
सुखेल तिथवर."
जन्मात मला कुणी
कमी कर म्हणालं नव्हतं.

"आता उजवीकडून मागे बघा."
खिडकी दिसली, अर्धी.
"मध्ये या. आता मान उजवीकडे, डोळे डावीकडे."
हे काय सोंग, स्टेइनव्हर पुटपुटली,
चष्मा सावरत.
"पुन्हा वळा."
या खेपेला खिडकी पुरती,
शिवाय दाराजवळचा आकडा, त्यावर निळा कोट.

तो कोट मी ओळखते.
उशिरा आली असणार.
उना, माझ्या पाठची.
साठ उन्हाळे तिच्याकडे पाठ करून
एकाच दुकानातून पाव आणला मी,
सात बिल्ल्यांपायी,
जे एका रात्री माझ्या बुटातून गेले
आणि जे तिनं घेतले नव्हते
असं ती म्हणाली होती,
एकदाच.

तिसऱ्यांदा वळले
तर बरगड्यांनी एकामागून एक वाट दिली
आणि ती दिसली, मागच्या रांगेत.
पण तीही वळलेली, सगळ्यांसारखी,
कोऱ्या भिंतीकडे बघत.
मला दिसली नुसती तिची पाठ,
डाव्या खांद्याशी उचललेली, माझ्यासारखीच,
त्याच पिंपांनी घडवलेली.

"मध्ये या सावकाश."
सगळ्याजणी आल्या. मी राहिले.
उना मध्ये आली
आणि मध्ये मी होते.

"सालवर, दुखतंय का काही?"
नाही, म्हटलं.
अजून थोडं जातंय.