अख्खा भोपळा

खंडेराव मार्केटात रमीलाबेन म्हणते,
"कोळुं लई जाव, बेन, मध जेवुं छे,"
आणि चाळीस वर्षं झाली तरी
मी एक क्षण कोहळा शोधते.
इथे कोळुं म्हणजे आपला लाल भोपळा,
घोसाळं गलकुं, दोडका तुरियुं,
पडवळाचं पंडोळुं.
फक्त दुधी दोन्हीकडे दुधीच,
आपल्याकडे तो, त्यांच्याकडे ती.

घरी वन्सं.
दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या
आणि आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य.
दोडका मी तासते, त्या शिरा मोजून घेतात.
तीळ, सुकं खोबरं, एकच मिरची,
लोखंडी तव्यावर कुरकुरीत होईतो.
चटणी त्यांची, भाजी माझी,
आणि पानातली चटणीच आधी संपते
हे त्या दर वेळी न बोलता ऐकवतात.
पडवळात त्यांना डाळिंब्या लागतात, मला हरभऱ्याची डाळ.
घोसाळ्याच्या भज्यांत ओवा की नको
यावरून एकदा दोन दिवस अबोला होता.
दुधीचे मुठिये मी शेजारच्या हंसाबेनकडून शिकले.
"दुधीला काय मूठ दाखवायची," वन्सं म्हणाल्या,
आणि चार खाल्ले.

अख्ख्या भोपळ्यापुढे मात्र दोघींचं चालत नाही.
बाईने पहिला वार करायचा नसतो.
का, ते वन्संनाही ठाऊक नाही.
आईला असेल, म्हणतात.
हे होते तेव्हा हे येत,
पेपर काखेत, चष्मा कपाळावर,
सुरीचं टोक टेकवत, जरासं दाबत
आणि गड घेतल्यासारखे परत जात.
पंचवीस वर्षांत त्यांचा स्वयंपाक तेवढाच.

मग हंसाबेनचा जिगर.
पाचवीत होता, हात सुरीसकट थरथरला,
तर वन्संनी त्याचं मनगट धरलं
आणि वरून भार दिला.
वार कुणाचा झाला, मी विचारलं नाही.
गणितात त्याला भोपळा मिळाला त्या वर्षीही
आमच्या भोपळ्याला तोच लागला.
आता तो कॅनडात, कुठल्याशा गोदामात रात्रपाळीला.

यंदा फोड मागितली
तर रमीलाबेनने अख्खाच गळ्यात मारला.
साडेचार किलो, काळपट हिरवा, देठ शाबूत.
फ्रिजवर बसला तो तीन आठवडे बसला.
दूधवाल्याला सांगू? परका, वन्सं म्हणाल्या.
गॅसवाला? त्याला घाई.
एका रविवारी संध्याकाळी जिगरला व्हिडिओवर घेतलं,
फोन भोपळ्याला टेकवून ठेवला.
तो पाळीवरून आलेला, डोळे तांबारलेले,
हातात सुरी म्हणून चमचा.
"लो मासी, काप्युं!"
आणि चित्र थिजलं.
वर गेलेला हात वरच.
वन्संनी जवळ जाऊन नीट पाहिलं.
"टेकला नाही," म्हणाल्या.

त्या रात्री दोनच्या सुमारास
स्वयंपाकघरात पाट सरकला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग धप्प.
मग वास आला, कच्चा, काकडीसारखा,
पण काकडीहून जड.
मी कूस बदलली.

सकाळी ओट्यावर दोन केशरी भकलं,
बिया धुऊन ताटलीत वाळत घातलेल्या.
"आपोआप उकलला," गूळ चिरता चिरता वन्सं म्हणाल्या,
"फार दिवस ठेवलात."
अंगठ्याला चिंधी.
"हो," म्हटलं, "उष्णता केवढी आहे."

मी किसला, त्यांनी गुळात शिजवला.
मावेल तेवढीच कणीक, पाण्याचा थेंब नाही,
वरून खसखस.
घारगे तेलात एकेक टम्म होत गेले.
एक फुगला नाही,
तो त्यांनी माझ्या पानात वाढला.

सहा हंसाबेनकडे नेऊन दिले, दोघी मिळून.
तिने दारातच एक मोडून तोंडात टाकला.
"कोळुं कोणे काप्युं?"
वन्सं जिन्याकडे बघायला लागल्या.
"जिगरने," मी म्हटलं.