कडता

दारव्ह्याच्या बाजार समितीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
गुरुवारी नत्थूजी गावंडे आले,
मुठीतून नखाएवढं कार्ड काढून काचेवर ठेवलं.
“पोट्ट्यानं घेऊन देल्लं. चौसठ म्हंते.
चौसठ काय? पायली का कुडव?”

नत्थूजी चाळीस वर्षं मापारी.
इलेक्ट्रिक काटा आला तेव्हा त्यांच्या हातातलं मापटं
समितीच्या हॉलमध्ये खिळ्याला गेलं,
हार घालून.

जीबी म्हणून भागणार नव्हतं.
मी खालच्या खणातून माझं माप काढलं,
काळ्या फ्लॉप्यांचा खोका,
अठ्ठ्याण्णव सालचा, यवतमाळच्या क्लासातला.
एक फाईल सहा तुकड्यांत घेऊन यायची मी एस्टीनं,
ओढणीत गुंडाळून, धूळ लागू नये म्हणून,
आणि घरी आल्यावर नेमकी पाचवी फुटायची.
आता त्यांच्यावर चहाचे कप ठेवते.

“यातल्या किती मावतील ह्या नखात?”
कॅल्क्युलेटर दाबला.
त्रेचाळीस हजार चारशे.
नत्थूजींनी आकडा ऐकून घेतला,
नंबर पुकारल्यावर हमाल ऐकतो तसा.
मग म्हणाले, “नगावर माल कोन घेते?
वजन सांग.”

शेजारच्या किराण्यातून काटा आणला.
दहा फ्लॉप्या, दोनशे ग्रॅम.
त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले,
माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी उत्तर आलं:
“आठ क्विंटल अडुसष्ट.
एक बंडी भरून, बैल चांगले असन तं.
हमाली वेगळी.”
आणि त्या नखाकडे पाहिलं
जसं काही तेच आत्ता दारात बंडी सोडून आलेत.

कार्ड लावलं. स्क्रीनवर उमटलं
एकोणसाठ पूर्णांक पाच.
“अन् चौसठ लिवलं वरतं?
साडेचाराचा कडता लावला बावा ह्याईनं!
इथंबी?”
हिशोबाच्या दोन रीती असतात, मी सांगू लागले,
हजाराची आणि एक हजार चोवीसची.
ते हसले. “आमच्याइकडेबी दोन राहे.
घ्याचं माप अन् द्याचं माप.”

मग खिशातून बटणांचा फोन निघाला,
रबरबँडनं बांधलेला.
“ह्याच्यात सोमा हाय.
त्याले इकडे घे.”

सोमाजी उईके, त्यांचा जोडीदार,
पोत्याच्या दुसऱ्या टोकाचा.
फाईल सापडली. नऊ सेकंद.
“लाभ...” मग दाणे ओतल्याचा आवाज,
“दोन...” कुणीतरी खोकतं,
“तीन...” आणि चार म्हणायला तोंड उघडतं तिथं तुटतं.
एक म्हणायचं नसतं, पहिल्या मापाला लाभ म्हणायचं,
हे मला ठाऊक होतं,
पण कुणाच्या तोंडून ऐकून पंधरा वर्षं झाली असतील.

चौदा केबी.
माझ्या एका फ्लॉपीत सोमाजी शंभरदा मावले असते
आणि वर पसाभर जागा उरली असती.
हे मी बोलले नाही.
कॉपी म्हटलं, पेस्ट म्हटलं.
पट्टी दिसायच्या आत संपलं.

“आला?”
“आला.”
नत्थूजी स्क्रीनजवळ वाकले,
काट्याची जीभ बघावी तसे.
एकोणसाठ पूर्णांक पाच होतं,
एकोणसाठ पूर्णांक पाचच राहिलं.
“आकडा तं हालला नाही.”

मी म्हणणार होते, फार लहान आहे,
दशांशाच्या पार मागं कुठंतरी हलला असेल.
त्यांनीच हात वर केला.
“राहू दे. सोमा तसाच होता.
कास्तकाराच्या पदरात एक पसा जास्त टाके,
अन् अडत्याच्या बापाले पत्ता लागू देत नोता.”

दहा रुपये ठेवले. जाताना
खोक्यातली एक फ्लॉपी उचलली,
तळहातावर दोनदा झेलून पाहिली,
“वीस गिरामच भरते,” म्हणाले,
आणि परत ठेवली, कपाखाली.