दाराचा आवाज

नऊ वर्षं मी फक्त दारं लावली.
उघडायचं, मिटायचं, ऐकायचं.
पोकळ वाजलं तर खडूनं फुली,
भरीव वाजलं तर गाडी पुढं.
एवढ्याचा पगार देतात? आई विचारायची.
देत होते.
सोमाटणे फाट्यावर पावणेसहाला बस यायची,
तिच्यावर कंपनीचं चिन्ह, डब्याच्या पिशवीवर तेच,
दिवाळीला मिळालेल्या घड्याळात काट्यांच्या मागंही तेच.

बॉडी शॉपच्या तिसऱ्या खांबाखाली आमची विहीर आहे,
असं शंकर मुऱ्हे सांगायचा, दर नव्या पोराला,
आणि पोरगं खाली बघायचं.

डेल नावाचा गोरा मिशिगनहून आला होता
फटी मोजायला शिकवायला.
कँटीनमध्ये पोह्यातली मिरची निवडत
त्यानं फोनवर एक फोटो दाखवला:
गवत, गवतात फाटक, फाटकाला कुलूप.
इथं माझा बाप होता, त्याचा बापही.
आधी प्लांट गेला, म्हणाला, मग शाळा, मग न्हावी.
आम्ही न्हाव्याला हसलो.
तोही हसला, जरा उशिरा.

शेवटी शेवटी निघायच्या त्या गाड्यांचं
स्टिअरिंग डाव्या बाजूला. सगळ्या बाहेरदेशी.
बनवल्या आम्ही, चालवणारं इथं कोणी नाही.
शेवटच्या गाडीला कोणीतरी झेंडूचा हार घातला,
बॉनेटच्या आतून सह्या झाल्या.
मी दार मिटलं. भरीव वाजलं.
खडू खिशातच राहिला,
पँट धुताना बायकोला सापडला, अर्धा विरघळलेला.

मग फाटकाबाहेर मांडव, घोषणा, हिशेबाचे कागद.
मी सही केली. मुऱ्हेनं नाही केली.
अजून चौकात दिसलो की तो फोन काढून
कानाला लावतो. पलीकडं कोणी नसतं.

आधी चिनी आले, मोजमाप करून गेले.
मग कोरियाचे आले, ते राहिले.
फाटकावरचं चिन्ह उतरवलं त्या दिवशी
मी योगायोगानं तिथंच, पंक्चर काढत होतो.
क्रेनवाल्यानं ते ट्रकमध्ये उताणं ठेवलं.
त्याच्या जागेवरचा रंग तेवढा ताजा होता,
तिथं कधी ऊन लागलं नव्हतं.

कंपनी गेली, गाड्या कुठं जाणार?
निगडीला माझं गॅरेज आहे, दोन गाड्यांपुरतं.
क्लचप्लेट मिळेना, आरसा मिळेना,
विकायला काढली तर एजंट म्हणतो पोरकी गाडी, भाव नाही.
मी भोसरीच्या भंगारातून
एकीचं काळीज काढून दुसरीला बसवतो.

परवा कोथरूडच्या खाजगीवाले बाई आल्या, निळी गाडी,
दार नीट लागत नाही म्हणाल्या.
बिजागरी खाली आली होती. रबर ओढलं,
आत शाईचा बारका शिक्का, एकतीस नंबर.
एकतीस म्हणजे मी.
बाईंना काय सांगायचं?
पाच-सहा वेळा दार मिटून पाहिलं,
सातव्यांदा उगाचच.
त्यांनी मजुरीत सूट मागितली, मी दिली नाही.

पोरगी डिप्लोमा झाली. संध्याकाळी क्लासला जाते,
आणि ताटात वरण पडलं की कोरियनमध्ये धन्यवाद म्हणते.
तिची आई म्हणते, मीठ आधी बघ.
गेल्या सोमवारी तिला बोलावणं आलं. क्वालिटीत.
कुठल्या शॉपला, मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं ते अर्धंच ऐकलं.

पहाटे स्कूटरवरून फाट्यावर सोडलं.
तोच थांबा, बस नवी, चिन्ह वेगळं.
पायरीवरून ती वळून काहीतरी म्हणाली,
मागून ट्रक गेला.
बसचं दार लागलं.
पोकळ वाजलं.
मी खिसा चाचपला.